वापरलेले सॉफ्टवेअर परवाने विकत घेताना आणि पुढे विकताना

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बंद होत असलेल्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर परवाने तुम्हाला मूळ किमतीच्या साधारण एक तृतीयांश दराने मिळत आहेत. त्यांत ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरचे ४०, आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे ६ आणि एका डेटाबेसचा ५० वापरकर्त्यांचा एक परवाना आहे. गरजेपुरते स्वतःकडे ठेवून उरलेले विकावेत असा तुमचा विचार आहे, पण करारात ‘हस्तांतरणास मनाई’ असे लिहिलेले असल्यामुळे हा व्यवहार कायद्यात बसतो का, अशी शंका तुम्हाला आली आहे.

परवान्यांची खरेदी करणे, त्यांच्या नोंदी ठेवणे आणि उत्पादकाकडून ऑडिटचे, म्हणजे परवान्यांच्या तपासणीचे, पत्र आले की कंपनीच्या बाजूने कागदपत्रे उभी करणे हे माझे काम आहे. मी वकील नाही, पण गेल्या चौदा वर्षांत असे व्यवहार विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. त्यावरून सांगतो की ‘विकता येते का’ हा प्रश्न दुसरा आहे. विकणाऱ्याच्या हाती नेमका कोणता हक्क आहे, आणि तो त्याच्या हातून पूर्णपणे सुटून तुमच्याकडे आला हे आणखी पाच वर्षांनी एखाद्या अनोळखी तपासनिसासमोर तुम्हाला कागदावर दाखवता येईल का, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर भाव कितीही चांगला असला तरी हा माल घेण्यासारखा नाही.

पुढचे बरेचसे उत्तर तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे: तुम्ही आणि विकणारी कंपनी कोणत्या देशात आहात, परवाने पहिल्यांदा कुठे विकले गेले आणि ते कोणत्या योजनेखाली घेतले होते. त्यामुळे मी सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार नाही. माझ्यासमोर अशी यादी आली की मी ती कशी चाळतो, ते सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘की’ म्हणजे परवाना नव्हे. २५ अक्षरांची की हे कुलूप उघडण्याचे साधन आहे. सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क करारातून आणि तो करार पैसे देऊन झाल्याच्या पुराव्यातून येतो. मोठ्या ग्राहकांना मिळणाऱ्या व्हॉल्यूम परवान्यांत एकच की अनेक संगणकांवर चालते, आणि नेमक्या अशाच कीज ऑनलाइन बाजारात शंभर-शंभर जणांना सुट्या विकल्या जातात. घेणाऱ्याच्या पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेशन यशस्वी’ असे येते आणि आपण रीतसर खरेदी केली असे त्याला मनापासून वाटते. प्रत्यक्षात त्याच्याकडे करार नाही, मूळ खरेदीचा पुरावा नाही आणि मूळ मालकाने वापर थांबवल्याची नोंदही नाही. सॉफ्टवेअर चालू झाले एवढ्यावरून ते वापरण्याचा हक्क मिळाला असे ठरत नाही. तुम्हाला समोरून नुसती कीजची एक्सेल यादी आली असेल, तर बोलणी तिथेच थांबवा आणि कागद मागवा.

आता प्रकार. सबस्क्रिप्शन असेल तर विषय संपला; मुदतीपुरता भाड्याने घेतलेला हक्क भाडेकरूला विकता येत नाही. हे सांगावे लागते, कारण बंद होणाऱ्या कंपनीच्या यादीत जुने कायमस्वरूपी परवाने आणि अजून मुदत शिल्लक असलेली सबस्क्रिप्शन एकाच रकान्यात लिहिलेली मी अनेकदा पाहिली आहेत. आरेखनाच्या सॉफ्टवेअरबाबत इथे विशेष लक्ष द्या. अ‍ॅडोबी २०१३ पासून सबस्क्रिप्शनकडे वळली आणि ऑटोडेस्कने २०१६ पासून नवे कायमस्वरूपी परवाने देणे थांबवले. त्यामुळे त्यानंतरच्या आवृत्तीचा ‘कायमस्वरूपी परवाना’ कोणी देऊ करत असेल, तर तो आला कुठून हे आधी विचारायला हवे.

ओईएम परवाना नव्या संगणकाबरोबर येतो आणि उत्पादकाच्या अटींनुसार त्याच संगणकाला बांधलेला असतो. तो घ्यायचा तर संगणकासकट घेणे हा सरळ मार्ग आहे. शैक्षणिक संस्थांना सवलतीत दिलेले, विक्रेत्यांना प्रात्यक्षिकासाठी दिलेले आणि चाचणीसाठी दिलेले परवाने मी यादीतून लगेच बाजूला काढतो. राहता राहिले दुकानातून सुटे घेतलेले आणि व्हॉल्यूम योजनेतले कायमस्वरूपी परवाने. खरा विचार यांचाच करायचा.

देशादेशांतला फरक इथे सुरू होतो. युरोपीय संघात चित्र सर्वांत स्पष्ट आहे आणि त्याचे श्रेय वापरलेले परवाने विकणारी यूज्डसॉफ्ट आणि डेटाबेस बनवणारी ओरॅकल यांच्यातल्या ‘यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ या खटल्याला जाते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी त्याचा निकाल दिला. योग्य मोबदला घेऊन सॉफ्टवेअरची प्रत अमर्याद काळासाठी वापरायला दिली, तर कागदावर तिला ‘परवाना’ म्हटलेले असले तरी ती विक्रीच ठरते, आणि एकदा विक्री झाली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवरचे उत्पादकाचे नियंत्रण संपते, असे न्यायालयाने म्हटले. प्रत डिस्कवर मिळाली की डाउनलोड करून, याने फरक पडत नाही. त्यामुळे तुमच्या करारातले ‘हस्तांतरणास मनाई’ हे वाक्य युरोपात, अशा प्रतीपुरते, फेरविक्री रोखू शकत नाही.

या निकालाची एवढी एकच बाजू सांगून माल खपवणारे पुष्कळ आहेत. दुसरी बाजू तितकीच ठळक आहे. विकणाऱ्याने विक्रीच्या वेळी स्वतःकडची प्रत निरुपयोगी केलीच पाहिजे. पहिली विक्री युरोपीय आर्थिक क्षेत्रात झालेली असली पाहिजे. दुसऱ्या खंडात विकलेला परवाना तिथे नेऊन या निकालाचा आधार मागता येत नाही. आणि परवान्याचे तुकडे पाडता येत नाहीत. ओरॅकलचा तो परवाना २५-२५ वापरकर्त्यांच्या गटाने मिळत असे, म्हणजे २७ जणांची गरज असलेल्या कंपनीला दोन गट घ्यावे लागत. उरलेल्या २३ जागा वेगळ्या काढून विकायला न्यायालयाने परवानगी दिली नाही, कारण सर्व्हरवरची मूळ प्रत पहिल्या मालकाकडे चालूच राहते आणि तो वापर थांबवत नाही. तुमचा ५० वापरकर्त्यांचा डेटाबेस परवाना तंतोतंत याच जातीचा आहे. त्यातले २० स्वतःकडे ठेवून ३० विकण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. तो एक एकसंध हक्क आहे. घ्यायचा तर सगळा आणि विकायचा तरी सगळा.

ऑफिसच्या ४० परवान्यांचे तसे नाही. ते प्रत्येकी एका संगणकासाठीचे स्वतंत्र हक्क असतील आणि फक्त खरेदीच्या सोयीसाठी एका पत्राखाली एकत्र घेतलेले असतील, तर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ साली दिलेल्या निकालानुसार ते सुटे करून विकता येतात. याच न्यायालयाने २००० साली, ओईएम प्रती एकदा उत्पादकाच्या संमतीने बाजारात आल्या की कॉपीराइटच्या जोरावर त्यांची संगणकाविना विक्री रोखता येत नाही, असाही निकाल दिला होता. मी तरीही ओईएम घेत नाही. न्यायालयात जिंकता येणे आणि रोजच्या कामात अ‍ॅक्टिव्हेशन सुरळीत चालणे यांत फार अंतर आहे. २०१० साली याच न्यायालयासमोर एका संगणक खेळाची डिस्क विकण्याचा प्रश्न आला होता. डिस्क विकता येते, पण खेळण्यासाठी लागणारे ऑनलाइन खाते दुसऱ्याच्या नावावर करण्यास उत्पादक नकार देऊ शकतो, असे ठरले. आजची कितीतरी व्यावसायिक सॉफ्टवेअर अशा खात्याला बांधलेली आहेत. आरेखनाची आणि अभियांत्रिकीची सॉफ्टवेअर बऱ्याचदा यंत्राच्या ओळखक्रमांकाला जोडलेल्या लायसन्स फाइलवर नाहीतर डोंगलवर, म्हणजे संगणकात खोचायच्या छोट्या साधनावर, चालतात, आणि ती फाइल नव्या यंत्रासाठी बदलून देणे उत्पादकाच्याच हाती असते. तुमच्या ६ परवान्यांबाबत हे आधी विचारून घ्या.

युरोपबद्दल आणखी दोन गोष्टी घाईने सांगतो. मूळ डिस्क हरवली किंवा खराब झाली म्हणून तिची बॅकअप प्रत विकणे चालत नाही. हे २०१६ साली लॅटव्हियातून आलेल्या एका खटल्यात स्पष्ट झाले. आणि यूज्डसॉफ्टचा नियम संगणक प्रोग्रामपुरता आहे, ई-पुस्तकांना तो लागू नाही, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ साली ठरवले. म्हणून कंपनीच्या ‘डिजिटल मालमत्ते’त सॉफ्टवेअरबरोबर ई-पुस्तके किंवा प्रशिक्षणाची ध्वनिचित्रे टाकलेली असतील, तर त्यांच्यासाठी एक पैसाही मोजू नका.

अमेरिकेत वारा उलट दिशेने वाहतो. तिथल्या कायद्यातही विकत घेतलेली प्रत पुढे विकण्याचा हक्क आहे, पण तो प्रतीच्या ‘मालका’ला आहे, आणि सॉफ्टवेअर घेणारा मालक की नुसता परवानाधारक यावर सगळे अडते. ‘व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ या खटल्यात नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने २०१० साली तीन कसोट्या लावल्या: उत्पादकाने ‘परवाना देत आहोत’ असे म्हटले आहे का, हस्तांतरणावर लक्षणीय बंधने घातली आहेत का, आणि वापरावर ठळक मर्यादा आहेत का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले तर घेणारा परवानाधारक ठरतो आणि त्याला फेरविक्रीचा हक्क राहत नाही. बहुतेक व्यावसायिक करार या तिन्ही कसोट्यांना उतरतील असेच लिहिलेले असतात. २०१५ साली अ‍ॅडोबीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने विक्रेत्याची बाजू उचलून धरली, पण ती उत्पादकाला परवान्याच्या अटी पुराव्यानिशी मांडता आल्या नाहीत म्हणून. त्या भरवशावर कोणी व्यवसाय उभा करू नये. शिवाय सॉफ्टवेअर व्यावसायिक भाड्याने देण्यास अमेरिकेत १९९० पासून मनाई आहे. थोडक्यात, तिथे उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय मी व्यवहार करत नाही.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १४ पाहावे लागते. त्यात संगणक प्रोग्रामची प्रत विकण्याचा हक्क हक्कधारकाला दिलेला आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीत ‘ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो’ अशा अर्थाचे शब्दही होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस’ खटल्याच्या निकालात या बदलाची सविस्तर चर्चा केली आणि सॉफ्टवेअरची प्रत घेऊन ती अंतिम वापरकर्त्याला विकणारा वितरक कॉपीराइटमधला हक्क घेत नसतो, असे म्हटले. फेरविक्रीच्या बाजूने हे बळ देणारे आहे यात शंका नाही. मात्र तो खटला प्राप्तिकराचा होता. वापरून झालेला परवाना तिसऱ्याला विकण्याचा वाद त्यात नव्हता, आणि करारातल्या मनाईचा भंग केल्याचा दावा उत्पादक वेगळा लावू शकतोच. याच कायद्याच्या कलम ६३ब नुसार कॉपीराइटचा भंग करणारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणून भारतातल्या व्यवहारातही मी हस्तांतरणाला उत्पादकाचे लेखी उत्तर मागतो, आणि माझ्या ग्राहकांनाही तेच करायला लावतो.

असे उत्तर मिळणे वाटते तितके अवघड नसते. ‘हस्तांतरणास मनाई’ या वाक्यापुढे बऱ्याचदा ‘आमच्या लेखी संमतीशिवाय’ किंवा ‘लागू कायदा मुभा देईल तेवढे सोडून’ असे शब्द असतात, आणि लोक पहिले दोन शब्द वाचून थांबतात. कंपनीचे विलीनीकरण, विभाजन किंवा संपूर्ण व्यवसायाची विक्री यांसाठी हस्तांतरणाचा ठरलेला अर्जही अनेक उत्पादकांकडे असतो. बंद होणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तो अर्ज तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने भरायचा असतो. लिक्विडेटर, म्हणजे कंपनीचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमलेला असेल तर तो अधिकार त्याच्याकडे गेलेला असतो. जुन्या आयटी व्यवस्थापकाची सही कितीही ओळखीची असली तरी तिला किंमत उरत नाही.

आता कागद, आणि इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेतो. माझ्यासमोर एका जुन्या व्यवहाराची फाइल आहे. पहिला कागद मूळ खरेदीचा इनव्हॉइस. त्यावर उत्पादनाचे नाव पूर्ण लिहिलेले नसते; उत्पादन क्रमांक आणि त्यापुढे इंग्रजी आखूड रूपांची एक रांग असते. या इनव्हॉइसवर ऑफिस सॉफ्टवेअरचे नाव, वर्ष, व्हॉल्यूम योजनेचे आखूड रूप असे सगळे ठीक होते आणि ओळीच्या अगदी शेवटी, छपाईत अर्धवट कापलेले, ‘अकॅडमिक’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होते. कंपनीने प्रशिक्षण विभागाच्या नावाखाली शैक्षणिक सवलतीत घेतलेले ते परवाने होते आणि विकणाऱ्याच्या आजच्या माणसांना याची कल्पनाही नव्हती. त्या पाच-सहा अक्षरांमुळे २५ परवान्यांचा सौदा आम्ही सोडला. तेव्हापासून इनव्हॉइसवरची प्रत्येक ओळ मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि उत्पादन क्रमांक उत्पादकाच्या त्या काळातल्या यादीशी ताडून पाहतो.

याच ओळीत शोधायचा दुसरा शब्द म्हणजे ‘अपग्रेड’. अपग्रेड परवाना एकटा उभा राहत नाही; त्याच्याखालचा मूळ परवाना बरोबर आला तरच त्याला अर्थ आहे. उलट बाजूने, मूळ परवान्याच्या जोरावर मालकाने अपग्रेड घेतले असेल तर तो मूळ परवाना वेगळा विकता येत नाही. व्हर्नरच्या खटल्यात नेमके हेच घडले होते. एका वास्तुविशारद कंपनीकडे ऑटोडेस्कच्या ऑटोकॅड या आरेखन सॉफ्टवेअरच्या १४ व्या आवृत्तीच्या १० प्रती होत्या. तिने नवीन प्रत ३,७५० डॉलरना मिळत असताना प्रत्येकी ४९५ डॉलर देऊन पुढची आवृत्ती घेतली, आणि या सवलतीच्या बदल्यात जुन्या प्रती नष्ट करण्याचे तिच्यावर बंधन होते. तिने त्या नष्ट केल्या नाहीत, त्यातल्या ४ व्हर्नरला विकल्या आणि त्याने त्या ईबेवर विकायला काढल्या. व्हर्नरने कोणतीही डिस्क कॉपी केली नव्हती. मूळ मालकाने आधीच सोडून दिलेला हक्क त्याने विकत घेतला होता, एवढेच. ‘या परवान्यांवर कधी अपग्रेड घेतले होते का’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

फाइलमधले पुढचे कागद म्हणजे मूळ करार, पैसे भरल्याची नोंद, मधे आणखी कोणी मालक होऊन गेले असतील तर त्या प्रत्येकाचे विक्रीपत्र, आणि शेवटी विकणाऱ्याचे हमीपत्र. साखळीतली एक कडीही निसटली तर पुढचे सगळे लटकते. जर्मन न्यायालयाने २०१३ साली यूज्डसॉफ्ट प्रकरणातच स्पष्ट केले की परवाना कायमस्वरूपी होता, उत्पादकाला मोबदला मिळाला होता आणि आधीच्या मालकाने आपली प्रत निरुपयोगी केली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. म्हणजे उद्या ऑडिट आले की प्रश्न तुम्हाला विचारले जातील, आणि उत्तर देऊ शकणारी कंपनी तोवर अस्तित्वातही नसेल. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. चालू कंपनीकडून राहिलेला कागद नंतर मागवता येतो. बंद झालेल्या कंपनीकडून नाही. जे हवे ते पैसे देण्यापूर्वीच हातात घ्या.

हमीपत्राबद्दल माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी मी ६० परवाने घेतले. विकणाऱ्या कंपनीने सर्व संगणकांवरून सॉफ्टवेअर काढल्याचे हमीपत्र सही-शिक्क्यासह दिले, सोबत संगणकांची यादीही जोडली. आठ महिन्यांनी उत्पादकाकडून विचारणा झाली तेव्हा समजले की त्यांच्या एका शाखेतल्या ११ संगणकांवर तेच सॉफ्टवेअर अजून चालू होते. यादी मुख्य कार्यालयाच्या मालमत्ता नोंदवहीवरून केली होती आणि शाखेची नोंदवही वेगळी होती. खोटेपणा कोणी केला नव्हता, पण आमच्या ६० पैकी ११ परवान्यांचा आधार गेला आणि तेवढे नवे घ्यावे लागले. ती यादी मी संगणकांच्या संख्येशी ताडून पाहायला हवी होती. आता मी मालमत्तेची नोंदवही घेत नाही. नेटवर्कवर प्रत्यक्ष काय बसवले आहे ते दाखवणाऱ्या साधनाचा, काढण्यापूर्वीचा आणि काढल्यानंतरचा, असे तारखेसह दोन अहवाल मागतो. त्यांत आभासी यंत्रे, नवे संगणक तयार करण्यासाठी ठेवलेल्या इमेज आणि टर्मिनल सर्व्हर (अनेक जण एकाच वेळी वापरतात तो सामाईक संगणक) आले आहेत का, ते पाहतो. हमीपत्राची तारीख विक्रीच्या तारखेनंतरची असेल तर मधल्या दिवसांत दोघांकडेही प्रत होती असा अर्थ निघतो, म्हणून दोन्ही तारखा जुळवून घेतो.

परवाना हाती आला तरी देखभालीचा करार त्याच्याबरोबर येत नाही. यूज्डसॉफ्टच्या निकालानुसार विक्रीच्या वेळेपर्यंत झालेल्या सुधारणांसह ती प्रत तुम्हाला मिळते. पुढच्या आवृत्त्या आणि मदत हा विकणाऱ्याचा वेगळा सेवाकरार असतो. त्यामुळे किंमत ठरवताना आवृत्तीचे उरलेले आयुष्य पाहा. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. हक्क कायमस्वरूपी असला तरी सुरक्षेच्या सुधारणा बंद झालेले सॉफ्टवेअर इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर चालवायचे का, हा वेगळा निर्णय आहे, आणि मी स्वतः तो ‘नाही’ असाच देतो. तुमचे ४० परवाने या आवृत्त्यांचे असतील तर एक तृतीयांश भावही जास्त आहे.

पुढे विकताना तुम्ही आज ज्या जागी आहात तिथे तुमचा ग्राहक येतो. तुम्हाला मिळालेले सगळे कागद त्याला द्या. किमती झाकायच्या असतील तर झाका, पण तारीख, उत्पादन क्रमांक आणि संख्या झाकू नका. मध्ये काही दिवस तुम्ही ते सॉफ्टवेअर स्वतः वापरले असेल तर तुमचेही हमीपत्र जोडा. चाळीसपैकी कोणते आणि किती कोणाला गेले याची एक नोंदवही ठेवा, म्हणजे एकच परवाना चुकूनही दोनदा विकला जाणार नाही. प्रामाणिक विक्रेत्यांकडूनही ही चूक होते, कारण वस्तूसारखा माल शेल्फवरून कमी झालेला दिसत नाही. जाहिरातीत ‘की’ हा शब्द वापरू नका, ‘वापरलेला कायमस्वरूपी परवाना’ असे स्पष्ट लिहा आणि देखभाल मिळणार नाही हेही लिहा. उत्पादकाचे अधिकृत विक्रेते असल्याचा भास होईल असे चिन्ह किंवा वाक्य टाळा, नाहीतर परवाना खरा असूनही ट्रेडमार्कचा वाद ओढवून घ्याल.

तुमच्या तीन गटांपुरते माझे मत असे आहे. ऑफिसचे ४० परवाने व्हॉल्यूम योजनेतले, कायमस्वरूपी, सवलतीशिवायचे आणि आधार चालू असलेल्या आवृत्तीचे निघाले, तर युरोपात ते घ्या आणि उरलेले विकाही. अमेरिकेत आणि भारतात आधी उत्पादकाची लेखी संमती घ्या. आरेखनाच्या ६ परवान्यांची खरेदीची तारीख आणि अपग्रेडचा इतिहास पाहिल्याशिवाय त्यांना हात लावू नका, आणि लायसन्स फाइल नव्या यंत्रावर बदलून मिळेल असे उत्पादकाचे उत्तर येईपर्यंत त्यांचे पैसे रोखून धरा. डेटाबेसचा परवाना तुम्हाला स्वतःला पूर्ण ५० वापरकर्त्यांसाठी लागत असेल किंवा तो अख्खा घेणारा ग्राहक तयार असेल तरच घ्या. विकणाऱ्याला सगळे एकाच गठ्ठ्यात द्यायचे असेल, तर डेटाबेसची किंमत शून्य धरून बोली लावा.

देश, इनव्हॉइसवरची उत्पादनाच्या वर्णनाची संपूर्ण ओळ आणि लिक्विडेटर नेमला गेला आहे का, या तीन गोष्टी कळवल्यात तर पुढचे उत्तर अधिक नेमके देता येईल. कीज मात्र कोणालाही पाठवू नका, मलाही नको.